अपडेट आपलं, आणि "तुला येत नाही" हे आजीने ऐकून घ्यायचं?

पोस्ट लांब आहे आणि चिडून लिहिलीय. चहा घेऊन बसा.

परवा माझा दहा वर्षांचा लेक व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या आजीला म्हणाला, "आजी, तुला कॉम्प्युटर येतच नाही." मी त्याच्यावर ओरडले. मग लक्षात आलं, हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकलाय.

झालं असं होतं. आदल्या रात्री इथून, ट्रॉयहून, आईच्या लॅपटॉपला रिमोटने जोडून मी साचलेले सगळे अपडेट एकदम लावून टाकले. तिथे सकाळ होती, आई पूजेला बसलेली. महिला मंडळाच्या जमाखर्चाची फाइल उघडीच होती, सेव्ह न केलेली. ती गेली. मराठी कीबोर्ड दिसेना, चित्रं इकडची तिकडे. आईच्या वहीत पायऱ्या लिहिलेल्या आहेत, "डावीकडून तिसरं चित्र दोनदा दाबणे" अशा. ती सगळी वही मी एका रात्रीत रद्दी करून टाकली. आणि वर फोनवर म्हणाले, "अगं आई, सोपं आहे, बघ जरा नीट."

मी पोटापाण्यासाठी टेस्टिंग करते! ऑफिसात "रोलबॅक प्लॅन कुठे आहे?" विचारून सगळ्यांचं डोकं खाते. आईच्या वेळी मात्र प्लॅन नाही, बॅकअप नाही, विचारणंसुद्धा नाही.

१९ जुलै २०२४ आठवतोय ना? शुक्रवार लागून नऊ मिनिटं झाली होती आपल्याकडे, पुण्यात सकाळचे ९.३९, तेव्हा क्राउडस्ट्राइकने एक छोटीशी फाइल जगभर सोडली. ७८ मिनिटांत मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर जाऊन बसली होती. फाइल मागे घेऊनही ती आपोआप उठेनात. बहुतेक ठिकाणी माणसाने मशीनपुढे बसायचं, सेफ मोडमध्ये जायचं, फाइल हाताने काढायची, आणि डिस्क लॉक असेल तर आधी ४८ आकडी किल्ली शोधायची. भारतात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. आपलं डेट्रॉइट डेल्टाचं मोठं केंद्र, आणि डेल्टाची पाच दिवसांत सुमारे ७ हजार विमानं रद्द झाली. एकट्याने प्रवास करणारी लहान मुलं घेणंही त्यांनी काही दिवस बंद केलं होतं. सुट्टीला मावशीकडे पाठवलेलं पोर तिकडेच, आईबाप इकडे. आता सांगा, त्या पोराला काय येत नव्हतं?

यातली मला सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. काही कंपन्यांनी शहाणपणाने सेटिंग केलं होतं की आम्हाला एक आवृत्ती मागेच ठेवा. तरी फाइल त्यांच्याकडेही गेली, कारण ते सेटिंग मूळ प्रोग्रॅमपुरतं होतं, अशा फाइलींना लागू नव्हतं. थोड्या मशीनवर आधी सोडून बघणं, आणि कधी घ्यायचं ते ग्राहकाला ठरवू देणं, हे कंपनीने नंतर सुरू केलं. नंतर!

आता कमेंटमध्ये कोणीतरी येणारच: "अपडेट नाही केलं तर सिक्युरिटीचं काय?" बरोबर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनची हॉस्पिटलं अडवली, आणि त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. अपडेट टाळा असं मी म्हणतच नाहीये. पण कुलूप बदलायला आलेल्या माणसाने न विचारता स्वयंपाकघरातले डबे हलवायचे नसतात. सिक्युरिटीचा पॅच वेगळा आणि दिसणंवागणं बदलणं वेगळं. दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधून "आत्ताच रीस्टार्ट करा" म्हणणं ही दादागिरी आहे. आणि ती करणाऱ्यांत ट्रॉय, नोव्ही, फार्मिंग्टन हिल्समधले आपणच कितीतरी जण बसलोय, पगार घेऊन. "युजर एरर" असं लिहून तिकीट बंद करणारेही आपणच.

लेकाला मी आजीची माफी मागायला लावली. आधी मी मागितली, त्याच्यासमोर. जमाखर्च तिने पुन्हा वहीवरून भरला, दोन दुपारी गेल्या तिच्या.

आता आईचे अपडेट फक्त शनिवारी, माझी सकाळ तिची संध्याकाळ, ती फोनवर असताना, फाइली पेनड्राइव्हवर घेऊन झाल्यावर. गेल्या शनिवारी विचारलं तर म्हणाली, "आज नको गं, ऑडिटचं काम काढलंय."

नाही केलं.