कणगीतला उंदीर आणि प्रयोगशाळेतला उंदीर



उंदीर म्हटले की आमच्या खात्याचा माणूस विषारी आमिषच सांगणार! खोडाळ्याच्या डोंगरात नागली-वरई घरात आली, की कणगीभोवती याचा धुमाकूळ सुरू. पण मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत हाच प्राणी जिवापाड जपला जाई. तिथल्या उंदरांत आपोआप एक बिनकेसाचा उंदीर निपजला आणि शास्त्रज्ञांनी त्याचा वंश धरला. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी भातातल्या वेगळ्या लोंब्या निवडून 'एचएमटी' वाण काढला ना, तसेच हे. उघड्या कातडीवर गाठ उठली की लगेच दिसते. त्या कातडीवर आधी कर्करोगाचे बी पेरून मग पानमसाल्याचा अर्क लावला, तर गाठी वाढल्या. हा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. पुड्या फोडणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

पुढची पायरी मुद्दाम घडवलेल्या उंदराची. बीटी कपाशीत बाहेरचे जनुक घातले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. उंदरात नेमके एखादे जनुक बंदही करता येते. ती रीत बसवणाऱ्या तिघांना 2007 चे नोबेल मिळाले. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीतल्या जनुकांची मोडतोड होते. तुम्ही खाचराचा फुटका बांध लिंपता, तशी शरीर ती रोज दुरुस्त करते. 1995 साली परदेशात दुरुस्तीचे एक जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले. अतिनील किरणांखाली त्यांना कातडीचा कर्करोग सहज जडला. काही मुलांत ही दुरुस्ती जन्मतःच अधू असते. थोड्या उन्हाने त्यांची कातडी करपते, तोंडावर ठिपके उठतात. अशा लेकराला भर उन्हात गुरांमागे धाडू नका, डॉक्टरांना दाखवा.

तरी उंदरावरून माणसाचे सगळे कळत नाही. सावळ्या कातडीला उन्हाचा कर्करोग कमीच होतो. आपल्याकडे कातडीचा काळा कर्करोग पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली उठतो आणि त्यात उन्हाचा वाटा फारसा नसतो. अनवाणी चालणारा म्हणतो, काटा मोडला असेल. बिब्बा लावून महिने घालवतो. भाजल्याच्या जुन्या वणावर न भरणारी जखम झाली, तर तीही साधी समजू नका. खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तुकडा काढून तपासू म्हटले तर मागे सरू नका. आणि पसरत चाललेला काळा डाग दुखत नसला, तरी चपला काढून दोन्ही तळवे दाखवा.