टाके उसवले की डॉक्टरच चुकला?

कर्करोगाच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली, म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा झालाच, असे एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच व्याख्यानात ठणकावून सांगितले. हात धुतलेले, औजारे निर्जंतुक आणि वर दहा दिवस जबर अँटिबायोटिक, मग पू होईलच कशाला? टाळ्या पडल्या. इतक्या सुटसुटीत सिद्धांताला पडायच्याच.

गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाच्या कर्करोगाचे ऑपरेशन या गृहस्थांनी कुणाकडून समजून तरी घ्यायचे होते. अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जनने ते १९०८ साली मांडले. त्यात गुदाशय गुदद्वारासकट काढतात, पोटावर शौचाची पिशवी कायमची येते आणि बैठकीच्या जागी टाके पडतात. पोटातली रिकामी जागा आतडी सरकून भरून काढतात. ओटीपोटाच्या तळाशी मात्र भोवताली हाडांचे कडे. त्याच्या भिंती मिटत नाहीत, खळगा तसाच राहतो, त्यात रक्त-पाणी साठते, आणि आतड्यातले जंतू तर शेजारचेच रहिवासी. त्यातून अशा बऱ्याच रुग्णांना आधी किरणांचा शेक (रेडिएशन) दिलेला असतो. शेकाने गाठ आक्रसते, तशा तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही अरुंद होतात. रक्तच नीट पोचत नाही तिथे अँटिबायोटिक कुठल्या वाटेने जाणार? शिवाय माणूस बसतो तो नेमका त्याच टाक्यांवर. नामांकित केंद्रांतसुद्धा शेक घेतलेल्या तीन-चार रुग्णांमागे एकाला ही जखम त्रास देते. त्या सगळ्यांचेच हात मळलेले होते काय?

दहा दिवसांच्या अँटिबायोटिकबद्दल एवढेच: डोस चीर देण्याआधी द्या, नंतर निव्वळ भीतीपोटी लांबवू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्येच सांगून ठेवले आहे.

मागे सिझेरियनच्या टाक्यांवरून असाच वाद रंगला होता. आंबट खाल्ल्याने पू होतो, असे तेव्हाच्या मंडळींचे म्हणणे. तेव्हा आरोपी दही होते, आता डॉक्टर आहे. जखम भरू न देणाऱ्या मधुमेहाकडे त्या वेळीही कुणाचे लक्ष गेले नव्हते.

हलगर्जीपणा कुठेच होत नाही, असे मी म्हणत नाही. चिरेच्या जागेचे केस वस्तऱ्याने खरवडणारे अजून आहेत, त्यांना खुशाल झोडपा. पण खरी तयारी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सुरू होते. तंबाखू आणि मिश्री निदान चार आठवडे आधी सुटली पाहिजे, साखर ताब्यात हवी, खंगलेल्या रुग्णाच्या पोटात डाळ-अंडी गेली पाहिजेत. खळगा मोठा असेल तर पोटाचा किंवा मांडीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून तिथे बसवता येतो. शेक न लागलेले रक्त त्याच्याबरोबर येते.

तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: खालची जखम कशी बंद करणार, आणि ती उसवलीच तर घरी गेल्यावर ड्रेसिंग कोण करणार?