मधली मोकळी जागा

डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तिथल्याच रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली आणि आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचांचा खच पडला. त्या फुटक्या काचाच सांगतात की, कारखाना आणि बाल्कनी यांच्यात पुरेसे अंतर उरलेले नाही. अशा वेळी ‘कारखाने आधी आले, लोक नंतर’ असे म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण घर घेणारा मंजूर नकाशा पाहून घेतो आणि नकाशा मंजूर करते ती शासनयंत्रणा. कारखान्यावर अंतराची अट घालायची आणि त्याच्या कुंपणाला खेटून निवासी बांधकामाला परवानगी द्यायची, हा नियोजनाचा दुटप्पीपणा आहे.

धोकादायक कारखाने हलवा, ही मागणी रास्त असली तरी अपुरी आहे. नव्या जागेभोवतीही कामगारांची, दुकानांची, मग सोसायट्यांची वस्ती होणारच. प्रदूषण निर्देशांक सर्वाधिक असलेले उद्योग ‘लाल’ गटात मोडतात. निदान त्यांच्याभोवतीचा हरितपट्टा विकास आराखड्यात कायमचा गोठवायला हवा. जमीन महाग आहे, ती पडीक कशी ठेवायची, असे कोणी विचारेल. पण ती पडीक नसते. दुर्घटनेच्या दिवशी तीच सर्वाधिक कामाला येते.