चोकची केबल आणि माझा शहाणपणा

मिशिगनातल्या हिवाळ्यात आमच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ जुनी एटीव्हीच ढकलते. परवा तिला चोकची नवी केबल घातली आणि ती काळा धूर ओकायला लागली. प्लग काजळीने काळाकुट्ट! मी लगेच कार्बोरेटर खोलला (हौस, दुसरं काय!). लेक म्हणाला, "बाबा, आधी हँडल वळवून बघा ना." त्याला गप्प बसवलं. दोन संध्याकाळी फुकट. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल वळवलं, तर आवाजच बदलला! मी केबल जवळच्या वाटेने ओढून बसवली होती, त्यामुळे चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसतच नव्हता. मग पेट्रोल जास्त जाणारच. मोठं वळण देऊन केबल थोडी सैल ठेवली, झालं. माझं मत विचाराल तर संशय आधी आपल्याच हाताने बसवलेल्या वस्तूवर घ्यावा. लेकाची माफी मात्र अजून मागितलेली नाही. तो हे वाचतो म्हणा...