सल्लागारांना विषय कोण देणार?

'सल्लागार' या शब्दात मान आहे. अधिकार मात्र तितकासा नाही. सल्ला मागितल्यावर द्यायचा, आणि तो मानणे न मानणे मागणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचे, हाच मराठी व्यवहारातला त्याचा अर्थ. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने निर्मिलेल्या जनजाती सल्लागार परिषदेची अडचण या शब्दातच सामावली आहे, असे आम्हांस वाटते.

परिषदेत कमाल २० सदस्य असतात. त्यांपैकी शक्यतो तीन-चतुर्थांश आदिवासी आमदार. राज्यपाल सोपवतील त्या विषयांवर सल्ला देणे हे तिचे कर्तव्य. मूळ मसुद्यात तिच्या शब्दाला अधिक वजन होते. ते घटवले गेले, तेव्हा जयपालसिंह मुंडा यांनी १९४९ साली संविधान सभेत नाराजी नोंदवली होती. महाराष्ट्रात परिषदेचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. म्हणजे सल्ला घेणारे सरकार आणि सल्ला देणाऱ्यांचा प्रमुख एकच.

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, राळेगाव, मारेगाव आणि घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. राळेगाव आणि आर्णी हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तेव्हा, प्रतिनिधी निवडून जातातच, आणखी काय हवे, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु आमदार पक्षाच्या शिस्तीने बांधलेला असतो. शिवाय पोडांवर विखुरलेल्या कोलामांसारख्या अल्पसंख्य समाजाला आमदारकीच्या वाटेने परिषदेत पोचणे दुष्कर आहे. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलामही शासनाच्या लेखी विशेष असुरक्षित जमात आहेत. एमेनो या अभ्यासकाने १९५५ साली कोलामी भाषेवरचा ग्रंथ दूर कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध केला. परक्या विद्यापीठाने जी भाषा इतक्या आस्थेने ऐकली, ती बोलणाऱ्यांना मुंबईतील बैठकीत हक्काची जागा नसावी, हे लाजिरवाणे आहे.

परिषदेच्या रचनेत बदल हवा, असे खाखा समितीने २०१४ सालीच सांगितले होते. आमची अपेक्षा त्याहून माफक आहे. आमदारांव्यतिरिक्तच्या जागांपैकी तीन या तीन जमातींना द्याव्यात, त्यांना आपल्या भाषेत बोलता यावे, आणि विषय मांडण्याची मुभा सदस्यांनाही असावी. विषय ठरवण्याचा हक्क नसलेल्या माणसाचा सल्ला कितीही मोलाचा असला, तरी तो दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढाच उरतो.