सुताराचा फर्मा हीच त्याची पुंजी

लोणावळा, खंडाळा आणि एकूणच मावळात बंगल्यांची कामे वर्षभर निघत असतात. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर शहरवाल्यांचा ओढा इकडे आणखी वाढला. मात्र दरवाजे तयार होऊन ट्रकने बाहेरून येतात आणि स्थानिक सुताराच्या वाट्याला ते बसवण्याची मजुरी तेवढी राहते, असे आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. गिऱ्हाईक म्हणते, कारखान्याचा माल एकसारखा असतो आणि वेळेवर मिळतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी छोट्या सुतारालाही जमतील. त्यासाठी त्याने स्वतःचे फर्मे स्वतः बनवले पाहिजेत.

आम्ही कापडाचे व्यापारी. शिंपी पुठ्ठ्याचा फर्मा एकदाच कापतो आणि त्यावर शेकडो सदरे बेततो, हे आम्ही रोज पाहतो. लाकडातही तेच आहे. दाराच्या आडव्या पट्टीचे कुसू उभ्या पट्टीच्या खोबणीत घट्ट बसले तरच दार टिकते. वीस दारांच्या खोबणी पटाशीने पाडायच्या म्हटल्या तर दिवस जातात आणि मापही हलते. राउटर आणि फर्मा असेल तर पहिली व शेवटची खोबण सारखीच उतरते.

कुणी म्हणेल, बाजारात तयार फर्मे मिळतात, मग ही खटपट कशाला? पण त्यांची मापे ठरावीक असतात. दीड इंची म्हणून घेतलेले लाकूड रंधा मारल्यावर ३५ मिलिमीटरच भरते. फर्मा हातातल्या लाकडाच्या मापाचाच हवा.

हिशेब अवघड नाही. खोबणीची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे येथे १२ मिलिमीटर. राउटरच्या गाइड बुशचा बाहेरचा व्यास १६ आणि बिट १२ मिलिमीटरचे असेल, तर फरक ४ चा. तेव्हा १२ बाय ६० ची खोबण हवी असल्यास फर्म्याची खिडकी १६ बाय ६४ ची कापावी. बुश सहज सरकेल इतकी कानस मारावी. फर्म्याखाली एक सरळ पट्टी स्क्रूने पक्की करावी आणि ती नेहमी लाकडाच्या दर्शनी बाजूलाच टेकवावी. मग जाडीत थोडा फरक असला तरी दाराची दर्शनी बाजू सपाट राहते. राउटर एका दमात खोल नेऊ नये. खोबणीची टोके गोल राहतात, ती पटाशीने चौकोनी करावीत किंवा कुसवाच्या कडा कानशीने गोल कराव्यात. आधी टाकाऊ तुकड्यावर नमुना काढून पाहावा.

लोणावळ्याच्या पावसात एमडीएफ ओल धरून फुगते आणि माप बिघडते. म्हणून फर्म्याला आयएस ७१० चे १२ मिलिमीटर प्लायवुड किंवा बेकलाइटची शीट घ्यावी. थोडे पैसे जास्त पडतील, पण फर्मा वर्षानुवर्षे चालेल.

हा हुन्नर मावळाला परका नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपासून टिकून आहेत. तेथील एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, दाराचे काम केल्याची नोंद आहे. भाज्याच्या चैत्यासमोरचे लाकूडकाम नाहीसे झाले, पण ते अडकवण्यासाठी खडकात कोरलेल्या खाचा आजही दिसतात.

शेवटची गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेने सांगतो. मिस्त्री काम सोडून गेला की त्याचे कसब त्याच्याबरोबर जाते, फर्मा मात्र दुकानात राहतो. प्रत्येक फर्म्यावर बुश, बिट, खोबणीचे माप आणि तारीख लिहून तो भिंतीला टांगावा. शिकाऊ पोरालाही मग तेच काम बिनचूक करता येते आणि गिऱ्हाइकाला वेळेचा शब्द देता येतो. ज्याच्या भिंतीवर असे दहा फर्मे आहेत, त्याला दारे बसवण्याच्या मजुरीवर दिवस काढण्याची पाळी सहसा येणार नाही.