हलक्या आवाजाची हजेरी

घोटावड्यास आमच्या घरीं गेल्या वैशाखापासून एक सर्व्हर नांदत आहे. आमच्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंनीं पाणिनीच्या सूत्रांवर चाळीस वर्षें टिपणें लिहिलीं. त्या वह्या ओल व वाळवी यांच्या तोंडीं जाऊं लागल्या होत्या. हिंजवडीस संगणकाच्या कामावर जाणाऱ्या त्यांच्या नातवानें वह्यांच्या पानापानाचें छायाचित्र घेतलें, आणि तीं साठविण्यासाठीं मोडींत निघालेला एक सर्व्हर विकत आणला. त्यास जागा मिळाली ती माजघरालगतच्या खोलींत. भिंतीपलीकडे आमच्या वहिनी. वय 78, आणि गुडघ्यांच्या दुखण्यानें झोप मुळांतच कमी.

यंत्राचे मूळचे पंखे तळहाताहून लहान, पण मिनिटास कित्येक हजार फेरे घेणारे. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. म्हणून नातवानें मदरबोर्ड मोठ्या पेटींत बसवून त्यास मोठे, संथ पंखे जोडले. तों निराळेंच संकट उभें राहिलें. क्षणभर शांतता असावी, मग सर्व पंखे एकदम गर्जून उठावे, निवावे, पुन्हा गर्जावे. रात्रभर हाच क्रम. आम्ही त्रासून म्हणालों, "बंद कर तें." पलीकडून वहिनी म्हणाल्या, "राहूं द्या, भाऊजी. त्यांच्या वह्या आहेत त्यांत."

या दोषाचें कारण समजून घेण्याजोगें आहे. अशा पंख्यास चार तारा असतात. पहिली परतीची, दुसरी 12 व्होल्टची, तिसरी पंख्याचा वेग कळविणारी व चौथी वेगाची आज्ञा आणणारी. रंगांवर भिस्त ठेवूं नये. पिनांचा क्रम पाहावा. चौथ्या तारेंतून सेकंदास सुमारें 25,000 वेळां उघडझांप होते. तींत उघडण्याचा काळ जितका अधिक, तितका वेग अधिक. तिसरीवरून दर फेऱ्यास दोन टोले जातात. मिनिटास 1,200 फेरे झाले म्हणजे सेकंदास 40 टोले. तीन तारांचा पंखा आपला वेग सांगतो, पण त्यास आज्ञेची तारच नसते.

हे टोले मोजण्यास मदरबोर्डवर एक स्वतंत्र लहान संगणक असतो. त्यास बीएमसी म्हणतात. मुख्य यंत्र झोपलें तरी वीज जोडलेली असेपर्यंत हा जागाच. परंतु त्यास वारा दिसत नाहीं. तो केवळ टोले मोजतो. आमच्या यंत्रांत खालची मर्यादा 700 फेऱ्यांची होती, आणि नवा पंखा काम कमी असतां 500 फेरेच घेई. बीएमसी समजे कीं पंखा मेला. म्हणून तो सर्वांस पूर्ण वेगाची आज्ञा देई. वेग वाढतांच आज्ञा मागें घेतली जाई, आणि पुन्हा तेंच.

पंखे मदरबोर्डवरून काढून थेट विजेस जोडावे, असें आम्हीं सुचविलें. नातू म्हणाला, "आजोबा, मग पंखा खरोखर बंद पडला तरी कोणास कळणार नाहीं." त्यानें पंख्याचा किमान वेग पाहिला, 'आयपीएमआयटूल' नांवाच्या साधनानें मर्यादा 300 वर आणली, आणि भर दुपारच्या उन्हांत दोन दिवस प्रोसेसरचें तापमान तपासलें. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण वीज सुमारें अष्टमांशच लागते. मोठ्या यंत्रांस एवढ्यानें भागत नाहीं. पुण्याच्या आयसर संस्थेंतील 'परम ब्रह्म' महासंगणकास निवविण्यासाठीं द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेला आहे. आमच्या वह्यांस संथ वारा पुरला.

हें ऐकतांना आम्हांस आमचा वर्ग आठवला. हजेरी घेतांना ज्याचा 'हजर' कानीं पडत नसे, त्यास आम्ही गैरहजर लिहीत असूं. एक मुलगा फारच हलक्या आवाजाचा होता. त्याच्या नांवापुढें महिनाभर फुल्या पडल्या, घरीं पत्र गेलें, आणि त्यास मार बसला. तो रोज तिसऱ्या बांकावर बसलेला होता. मान वर करून पाहिलें असतें तर दिसला असता. आम्ही आवाजच मोजीत होतों. ही चूक आम्हीं त्याच्याजवळ कधीं कबूल केली नाहीं.

असो. आतां खोलींत इतकी शांतता असते कीं वहिनी पहाटे जाग्या झाल्या म्हणजे विचारतात, "चालू आहे ना हो?" आम्ही उठून खोलींत जातों, पंख्यापुढें हात धरतों, पडद्यावरील आंकडा पाहतों आणि सांगतों, "हजर आहे, वहिनी."